दारची गाय

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर एका विद्यार्थ्याचे वडील आम्हाला भेटायला थांबले. पोराच्या अभ्यासाचे काही असेल असे वाटले, पण विषय निराळाच निघाला. "सर, तुमच्याकडे गाय आहे म्हणून विचारतो. दारात एक गाय घ्यावी म्हणतोय. पोरांना घरचं दूध होईल, उरलेलं डेअरीला घालू. जर्सी घेऊ की गीर?" आम्ही म्हणालो, "कुठली घ्यायची ते नंतर बघू. ती म्हातारी झाल्यावर काय करायचं, हे घरात बोलून घेतलंय का?" ते हसले. "अजून दारात आली नाही आणि तुम्ही म्हातारपणाचं काय विचारता!"

त्यांचे हसणे बरोबरच होते. आम्हीही २०१६ साली गाय आणली तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला असता तर हसलोच असतो. आज आमच्या गोठ्यात दोन गाई आहेत. एक दूध देते, दुसरी देत नाही आणि पुढेही देणार नाही. त्या गृहस्थांना शाळेच्या फाटकात उभ्या उभ्या सगळे सांगणे झाले नाही. तेच इथे सविस्तर लिहीत आहोत, कारण आपल्या पुष्कळ घरांत दोन-अडीच एकर जमीन आहे आणि दारात एखादे जनावर असावे ही इच्छाही आहे.

आमचे गाव आटपाडी तालुक्यात. हा मुलूख खिलारचा. खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल आणि खोंड घ्यायला लांबून माणसे येतात. आमच्या आजोबांच्या दावणीलाही खिलारच होती. पण खिलार गाय दुधासाठी नव्हतीच कधी. वासराला पाजून घरच्या चहापुरते दूध मिळाले तरी लोक समाधानी असत, तिचे खरे उत्पन्न म्हणजे तिचे खोंड. पुढे ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि खिलार गाईही गेल्या. आमच्या गोठ्यात मधली दहा-बारा वर्षे फक्त शेळ्याच होत्या. मुले लहान होती, अम्मींचे वय झाले होते, पिशवीच्या दुधाचे बिल वाढत चालले होते, म्हणून शेजारच्या गावातून सात महिन्यांची गाभण संकरित कालवड घेतली. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून अम्मींनी नाव ठेवले चांदणी.

कुठली गाय घ्यावी याबद्दल आमचे मत सांगतो, पटले तर घ्या. घरच्या दुधासाठी वीस लिटरची गाय घेऊ नये. वीस लिटरच्या होलस्टीनला वीस लिटरचेच खाणे लागते, उन्हाळा सोसत नाही, आणि शेतकरी शाळेत किंवा मजुरीला गेला की तिच्याकडे बघायला कोणी नसते. सात-आठ, फार तर दहा लिटर देणारी, उन्हात टिकणारी, अंगात थोडे देशी रक्त असलेली गाय कुटुंबाला पुरते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होलस्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार केली ती याच विचाराने. मात्र बाजारात 'त्रिवेणी' म्हणून जे काही उभे केले जाते ते सगळे त्रिवेणी नसते.

घेताना दात पाहावेत, पण त्याहून सड पाहावेत. एक वेळची धार पाहून पैसे देऊ नयेत. मालक आदल्या वेळची धार चुकवून कास फुगवून ठेवतो, हे सगळ्यांना माहीत असते तरी फसणारे फसतात. ओळीने तीन धारा आपल्यासमोर काढायला लावाव्यात. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फरशीवर किंवा काळ्या कापडावर घ्यावी. त्यात गुठळ्या किंवा दह्यासारखे कण दिसले तर त्या सडाला दगडी होऊन गेली आहे असे समजावे. चारपैकी एक सड गेलेला असला की गाय पाऊण झाली, किंमत मात्र पूर्ण सांगतात.

आता हिशेब. चांदणीची लेक सध्या दुधात आहे, तिचा हिशेब सांगतो. दोन्ही वेळचे मिळून नऊ लिटर दूध. त्यातले अडीच ते तीन लिटर घरात राहते, सहा लिटर संस्थेला जाते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागले तर पूर्ण दर, नाही लागले तर कपात. मधल्या काळात दर इतके पडले की २०२४ साली राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर करावे लागले. आम्हाला सरासरी ३० रुपये पडले असे धरा, म्हणजे दिवसाला १८० रुपये. खाण्याचा नियम असा की शरीर पोसायला एक किलो पेंड आणि दर लिटर दुधामागे साधारण ४०० ग्रॅम. नऊ लिटरला साडेचार किलोच्या वर पेंड झाली, तिचे १३५ ते १४० रुपये. विकतच्या कडब्याचे ३० रुपये. हिरवी वैरण घरची, बांधालगत पाच गुंठे हत्तीघास आणि थोडा मका आहे. म्हणजे दिवसाकाठी हातात राहिले दहा-बारा रुपये. दहा दिवसांचे बिल आले की ते पेंडीच्या दुकानात जाते आणि घरात पुन्हा सामसूम.

मग उरले काय? तीन लिटर दूध उरले. बाजारात तेच घ्यायला दीडशे रुपये मोजावे लागले असते, आणि मुलांना जेवढे मिळते तेवढे मिळाले नसते हे नक्की. शेण उरले. डाळिंबाच्या बागेला शेणखत लागतेच, आमच्याकडे ट्रॉली पाच-सहा हजारांना जाते. दोन जनावरांच्या शेणातून वर्षाला तीन ट्रॉल्या खत निघते. एक-दोन गाईंचा धंदा करून बंगला बांधू असे कोणी सांगत असेल तर त्याला नम्रपणे चहा पाजावा आणि निरोप द्यावा. दारची गाय पैसे देत नाही, दूध आणि खत देते. ज्याला या दोन्हींची गरज आहे त्यानेच ती घ्यावी.

एकदा वर्गात ज़कातचा पाठ चालू असताना एका मुलाने विचारले, "सर, तुमच्या गाईवर ज़कात आहे का?" आम्ही सांगितले, चरणाऱ्या गाईंचा निसाब तीसचा आहे, आमच्या दोनच. तो म्हणाला, "मग अजून अठ्ठावीस घ्या की!" पेंडीचा दर सांगितल्यावर गप्प बसला.

गोठ्यातले काम आमच्या घरी मुलांची आई आणि धाकटा भाऊ करतात. आम्ही सुटीच्या दिवशी हात लावतो, तेव्हा फुशारकी मारणार नाही. पण काही गोष्टी शिकलो. गाय घड्याळावर चालते. पहिल्या रमजानमध्ये आम्ही सहरीसाठी उठतोच आहोत तर धारही तेव्हाच काढू असे ठरवले. रोज सहाला धार देणाऱ्या चांदणीला साडेचारलाच उठवले. आठवडाभरात दूध लिटरभर खाली आले, आणि संध्याकाळी कास तटतटून ती अस्वस्थ व्हायची. तेव्हापासून सहरी सहरीच्या वेळेला, धार धारेच्या वेळेला. इफ्तारच्या आधीची गडबड असते, पण संध्याकाळची धारही वेळ सोडून काढत नाही. ईदच्या सकाळी मात्र संस्थेला दूध घालत नाही. शीरखुर्म्याला घरचे पुरत नाही आणि गल्लीतून चार भांडी आलेली असतात.

धार काढताना अंगठा दुमडून सड दाबण्याची सवय आपल्याकडे फार. त्याने सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने काढावी. धार झाल्यावर सडाचे तोंड बराच वेळ उघडे असते, म्हणून सड जंतुनाशकात बुडवावेत आणि लगेच वैरण टाकावी, म्हणजे गाय शेणात बसत नाही, उभी राहते. दगडी टाळण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हाला ठाऊक नाही. पाणी दुभत्या गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर लागते. दोन वेळा बादली दाखवून भागत नाही, गव्हाणीशेजारी हौद हवा.

व्यायल्यानंतरचा चीक आधी वासराचा. तास-दोन तासांच्या आत वासराच्या पोटात गेला पाहिजे, आणि त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका दिवसभरात थोडा थोडा करून. अम्मींचा शिरस्ता असा की खरवसाच्या वाट्या सात घरी गेल्याशिवाय आमच्या ताटात खरवस पडत नाही. त्यावरून सासू-सुनेत दर वेळी थोडी कुरबुर होते, कारण मुलांची आई वासराच्या बाजूने असते. आता ठरले आहे, वासरू पिऊन झोपले की मग वाट्या.

एक गोष्ट बहिणींसाठी मुद्दाम लिहितो. गाय गाभडली किंवा जार अडकली तर उघड्या हाताने ती ओढू नये. सांसर्गिक गर्भपाताचा रोग गाईकडून माणसाला होतो, आणि महिनोन्महिने ताप व सांधेदुखी मागे लागते. घरात कोणी गरोदर असेल तर तिने त्या वेळी गोठ्यात जाऊच नये. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना या रोगाची लस एकदाच टोचतात. कच्चे दूध ताकदीचे असते असे म्हणणारे आपल्याकडे अजून आहेत, त्यांचे ऐकू नये. दूध उकळूनच प्यावे.

२०१९ चा दुष्काळ आमच्या भागाने छावणीत काढला. त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. चांदणी पाच महिन्यांची गाभण, विहिरीला पाणी नाही, कडबा परवडेना. भावाने तिला छावणीत नेऊन बांधले आणि तिच्याजवळच ताडपत्री ताणून राहिला. आम्ही शाळेला सुटी लागल्यावर रोज संध्याकाळी इफ्तारीचा डबा घेऊन जायचो. आमच्या शेजारच्या मळ्यातले अण्णा, त्यांची तीन जनावरे आमच्या दावणीला लागूनच होती. मग्रिबच्या वेळी तेच भावाला हाक मारायचे, "अरे, वेळ झाली बघ, पाणी घे." त्या पावसाळ्यानंतर चांदणीला कालवड झाली. मुलांनी तिचे नाव छावणी ठेवले. चांदणी आणि छावणी, हाक मारली की दोघीही बघतात.

चांदणीने एकूण पाच वासरे दिली. पहिली कालवड विकली, मुलीच्या कॉलेजची फी तिच्यातून भरली. तिसरी ही छावणी. पाचवी २०२२ च्या लम्पीत गेली. त्या साली लस सगळ्या जनावरांना फुकट टोचत होते, आमच्या गावात पथक आले त्याच्या चारच दिवस आधी वासराच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. पायाला सूज आली, दूध तोडले, नवव्या दिवशी गेली. धाकटा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, तो दोन दिवस गोठ्यात गेला नाही.

उरले दोन खोंड. खोंड झाला की घरातल्या माणसांचे चेहरे उतरतात, हे खरे ते लिहितो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यापासून आहे. २०१५ साली त्यात बैल आणि वळू आले. कायदा आहे, तो पाळायचा, त्यावर इथे वाद घालत नाही. पण गाय पाळणाऱ्याने एवढे समजून घ्यावे की संकरित खोंडाला आता गिऱ्हाईक नाही. त्याला वशिंड नाही, उन्हात धाप लागते, औताला कुचकामी. शर्यतींना २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर खिलार खोंडाचे भाव वाढले, पण आमचा जर्सी खोंड शर्यतीत उतरवला असता तर लोकांची करमणूक झाली असती, दुसरे काही नाही. पहिला खोंड एका शेतकऱ्याला पाण्याची गाडी ओढायला दिला. दुसरा दीड वर्ष पोसला आणि शेवटी तसाच एकाला दिला, वर एक पोते पेंड दिली. आता रेतन करताना लिंगनिर्धारित रेतमात्रा मागतो. दहातल्या नऊ वेळा कालवड होते. गाभण राहण्याचे प्रमाण थोडे कमी पडते, तरी खोंडाच्या काळजीपेक्षा ते बरे.

२०२३ च्या उन्हाळ्यात चांदणीने खाणे सोडले. पाठ कमानीसारखी करून उभी राहायची, बसताना कण्हायची. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, पोटात तार गेली आहे. डाळिंबाच्या फांद्या बांधायची तार, तिचे तुकडे बांधावर पडतात, वैरणीबरोबर कुट्टीत येतात. चूक आमचीच होती. मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करावे लागेल, उशीर करू नका, असे ते म्हणाले.

संध्याकाळ झाली होती. पिकअपवाला ओळखीचा, पण त्याने आधी विचारले, "बरोबर कोण येणार?" त्याला काय विचारायचे होते ते आम्हाला कळले. टोपी-दाढीचा माणूस, रात्रीची वेळ, गाडीत गाय. आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर त्यात लिहून घेतला. तेवढ्यात अण्णा बांधावरून आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. "मास्तर, चिठ्ठी घेतली का?" एवढेच विचारून ते पुढच्या सीटवर चढून बसले. वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात.

हमरस्त्याला लागल्यावर एका फाट्यावर पाच-सहा पोरांनी मोटारसायकली आडव्या लावून गाडी थांबवली. मोबाईलची बॅटरी आमच्या तोंडावर, मग गाईवर. गाय कोणाची, कुठे चालली, नाव काय. आम्ही चिठ्ठी पुढे केली. हात थरथरत होता, हे कबूल करतो. वीस वर्षे वर्गापुढे उभे राहतो आहोत, पण आमच्याच एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या वयाच्या पोरापुढे आवाज निघेना. अण्णा खाली उतरले. काठी टेकत त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, "गाय यांची. मी शेजारी. पोटात तार आहे तिच्या. तुला दावायचं असेल तर दवाखान्यापर्यंत चल, नाहीतर रस्ता सोड. मेली तर काय करशील?" बराच वेळ फोनाफोनी झाली. त्यांच्यातल्या एकाने गाडीवर चढून गाईच्या पाठीवर हात फिरवला, तिची कमान पाहिली, आणि म्हणाला, "तारच हाय. आमच्या गाईला बी झालतं." मग त्यांनी गाड्या बाजूला घेतल्या. अर्धा तास गेला होता.

ऑपरेशन झाले. बोटभर लांब तार निघाली. चांदणी वाचली, पण दूध आटले ते आटलेच. पुढे तीन वेळा भरवली, तिन्ही वेळा उलटली. आज तिचे वय बारा आहे.

त्यानंतर एक व्यापारी येऊन गेला. भाव बरा सांगत होता. "कुठं नेणार?" असे विचारले तर म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय, पैसे मोजून घ्या." भाऊ म्हणाला, देऊन टाकू. मुलांची आई म्हणाली, बिल्ला आपल्या नावावर आहे, उद्या कुठे सापडली तर दार आपलेच वाजेल. अम्मी काही बोलल्या नाहीत, उठून गोठ्यात गेल्या. एका गोशाळेत चौकशी केली, जागा नाही म्हणाले. मग घरात बसून हिशेब केला. दुधात नसलेल्या गाईला पेंड लागत नाही. कडबा आणि घास मिळून दिवसाला चाळीस रुपये, म्हणजे वर्षाला साडेचौदा हजार. तिच्या शेणाचे सहा-सात हजार निघतात. वर्षाला सात-आठ हजार घरातून घालावे लागतात. आमच्या पगारात ते जमते. पगार नसलेल्या घरात जमेलच असे नाही, म्हणूनच आधी बोलून घ्या म्हणतो.

छावणीच्या बाबतीत आम्ही आधीच सुरुवात केली आहे. संस्थेला जाणाऱ्या दुधातला लिटरमागे एक रुपया पोस्टाच्या वेगळ्या खात्यात टाकतो. सहा लिटर, वर्षातले तीनशे दिवस, म्हणजे १,८०० रुपये. आठ वर्षांत १४,४०० होतील, व्याज वेगळे. तिची म्हातारपणाची दोनच वर्षे त्यातून निघतील. पुढचे पुढे. आणखी दोन गोष्टी केल्या. गव्हाणीवर दोरीला एक मोठे चुंबक टांगले आहे, कुट्टी टाकण्याआधी भाऊ ते तिच्यातून फिरवतो. आणि दाराच्या आत एक प्लास्टिकची पिशवी अडकवली आहे. तिच्यात बिल्ल्याचे कार्ड, लसीच्या नोंदी, खरेदीची पावती, ग्रामपंचायतीचा दाखला आणि दोन्ही गाईंचे फोटो आहेत. बकरी ईदच्या आधीचे पंधरा दिवस गाय दवाखान्याशिवाय कुठेही हलवत नाही, आणि दवाखान्यातही डॉक्टरांनाच घरी बोलावण्याचा प्रयत्न करतो.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. घरात बोलणे झाले म्हणाले. त्यांच्या वडिलांनी सांगितले आहे की गाय मरेपर्यंत दारात राहील असे कबूल असेल तरच आणा. शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या वेताची एक गाय त्यांनी पाहून ठेवली आहे, आठ लिटर सांगतात. येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही बघायला जाणार आहोत, मुक्कामी, म्हणजे तीन धारा पाहता येतील. अण्णाही येतो म्हणालेत. सड तेच पाहणार.